नवस तुमचा, पाय माझे

साल्वादोर, इतापुआं
शुक्रवार, २३ जानेवारी

श्री. जेनेसियो यांस इदालिनाचा नमस्कार.

बोनफिमच्या प्रभू येशूच्या कृपेने मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी, आणि डोळ्याची वेगळी कळवावी, कारण तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणता त्यात डोळा धरलेला नसतो. थेंब सकाळ-संध्याकाळ घालावेत. बाटली संपली असं वाटलं की उलटी करून ठेवावी, तळाशी अजून दोन दिवसांचं औषध निघतं. कोंबड्यांना मक्याचा भरडा घालावा, अख्खा मका घालू नये, त्या निम्मा सांडतात.

मंगळवारी संत सेबास्तियनची पालखी निघाली असेल. तुमचा लाल झगा कोणी इस्त्री केला? लग्न झाल्यापासून पालखीच्या दिवशी मी गावात नाही असं प्रथमच झालं. लोकांनी विचारलं असेल. तुम्ही काय सांगितलं असेल तेही मी इथे बसून ऐकते आहे, “माझा नवस फेडायला गेलीय.” खरंच आहे. नवस तुमचा होता. ऑपरेशनच्या खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही बोलून बसलात, की डोळा पुन्हा दिसू लागला तर माझ्या घरचं माणूस पाठीवर बिऱ्हाड घेऊन आजूदाच्या मातेच्या देवळापासून साल्वादोरच्या बोनफिमपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने देवळं करीत जाईल. माझ्या घरचं माणूस! स्वतःचं नाव घ्यायला जीभ अडली, कारण गुडघे तुमचे तुम्हाला ठाऊक. नवस तुमचा आणि पाय माझे. असो. मी कुरकुर केली नाही, आणि आताही करत नाही. का ते पुढे लिहीन.

तर नवस पुरा झाला. देवळाच्या पायऱ्या धुण्याच्या गुरुवारी सगळ्या शहराबरोबर मीही बोनफिमपर्यंत चालत गेले, पाठीवर आपला जोएल शाळेत असताना सहलीला घेतलेली ती निळी पिशवी घेऊन. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. लोक गात होते, नाचत होते, पीत होते, आणि देवाचं नावही घेत होते. एकाने मला पाहून ओरडून विचारलं, “आजी, घरच उचलून आणलंत की काय?” मी म्हटलं, “घर नाही रे, नवऱ्याचा नवस आहे.” तर तो म्हणतो, “मग जडच असणार!” आणि त्याने पिशवी खालून उचलून धरून मला एक अख्खा चढ चढवला. देव त्याचं भलं करो, तोंडाला मात्र त्याच्या दारूचा वास होता.

मेणाचा डोळाही वाहिला. दुकानदार म्हणाला, डोळे जोडीनेच मिळतात. मी म्हटलं, मला एकच हवा. “बाई, देवाला काय एकच डोळा देणार?” “एकच बरा झालाय,” मी म्हटलं. “दुसरा आधीपासून धड होता, त्याचं देवाला काय देणं?” बराच वेळ घासाघीस करून त्याने जोडी मोडून दिली. तुमचा डोळा आता चमत्कारांच्या खोलीत एका मेणाच्या पायाशेजारी लटकतो आहे.

पहिले काही दिवस मी इथल्या बार्रा भागात पाठपिशवीवाल्या पोरापोरींच्या बिऱ्हाडात उतरले होते. एका खोलीत चार दुमजली खाटा, आणि खालची मला, वयाचा मान म्हणून. कोर्दोबाची रोसियो नावाची मुलगी वरच्या खाटेवर होती. तिने विचारलं, “आजी, तुमची पिशवी किती लिटरची?” मी काय सांगणार? म्हटलं, “लिटरचं ठाऊक नाही, मी तिच्यात तांदूळ मोजून बघितलेला नाही.” तिच्या पिशवीत निम्मे कपडे ओले होते. ते वाळवायचे कसे, दोरी कशी बांधायची, हे मी तिला शिकवलं. सकाळच्या न्याहारीत केळी असत, त्यातली दोन मी रोज परकराच्या खिशात घाली. कोणी बघत नव्हतं असं नाही. रोसियो बघून डोळा मारायची.

या शहराचं एक विचित्र आहे. आपल्या गावात माणसं घरात राहतात आणि कामाला बाहेर पडतात. इथे माणसं वाळूवर राहतात आणि अंगावरचं मीठ धुवायला तेवढी घरी जातात. माझ्या वयाच्या बायका पोट, मांड्या, सगळं उघडं टाकून उन्हात बसतात आणि एकमेकींना हाका मारतात. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून चालले. तिसऱ्या दिवशी मान वर केली. समुद्रात गुडघ्यापर्यंत गेले. तुम्ही विचारणारच म्हणून सांगते, परकर वर धरला होता.

फोनवर मी सांगितलं होतं की पायाला फोड आलेत म्हणून थांबते आहे. फोड बसले. सध्या इतापुआंला एका ओळखीच्या बाईकडे आहे. खोली स्वच्छ आहे, चूल बाहेर आहे. ती बाई कामसू आहे. आज शुक्रवार, आज ती तळणाची कढई चढवत नाही, पांढरे कपडे घालते. इथे शुक्रवारी निम्मं शहर पांढऱ्यात असतं. मीही माझा चर्चचा पांढरा ब्लाऊज काढला. प्रवासाचा जो खर्च झाला तो मी दानधर्मात न लिहिता घरखर्चात लिहिला आहे. नंतर वाद नको म्हणून आधीच सांगते.

आठ फेब्रुवारीच्या आपल्या मिस्सेचं काय ठरलं? लग्नाच्या चाळीस वर्षांची मिस्सा म्हणून फादर फुलं मागतील, ती विकत घेऊ नयेत, शेजारच्या दोना झेफाच्या अंगणात भरपूर आहेत. तुम्ही फादरना सांगितलं होतं की घरचे सगळे येणार. सगळे म्हणजे कोण, हे आपलं बोलणं राहिलं आहे.

आज इथेच थांबते. भात लागेल.

रविवार, २५ जानेवारी

काल पापनिवेदनाला गेले होते. इतापुआंचे फादर म्हातारे आहेत, एका कानाने कमी ऐकतात, त्यामुळे निम्मी पापं दोनदा सांगावी लागली. त्यांनी प्रायश्चित्त दिलं ते जपमाळेचं नाही. म्हणाले, “घरी खरं लिहा.” मी म्हटलं, फादर, त्यापेक्षा दहा जपमाळा द्या. ते म्हणाले, “दहा जपमाळा तुम्हाला सोप्या आहेत, म्हणूनच.”

तर खरं लिहिते. फोनवर तुम्ही निम्म्यात फोन ठेवता. पत्र निम्म्यात ठेवलंत तरी ते टेबलावर पडून राहील.

ओळखीची बाई म्हणजे आपली मारिनाल्वा.

योगायोगाने रस्त्यात भेटली असं लिहिता आलं असतं. तुम्हाला तेच सोपं गेलं असतं. पण मी तिला शोधली. त्यासाठीच निघाले होते. तुमच्या नवसाची मी कुरकुर केली नाही, उलट लगबगीने पिशवी भरली, तेव्हा तुम्हाला नवल वाटलं होतं ना? चांदीच्या ताटात वाट आणून ठेवलीत तुम्ही. मी का नको म्हणू?

ती साल्वादोरच्या किनाऱ्यावर कुठेतरी अकाराजेचे वडे तळून विकते, एवढंच कानावर होतं. बोनफिमला तुमचं देणं फेडलं आणि दुसऱ्या दिवशी बार्रापासून चालायला लागले. किनाऱ्याने जे जे वड्यांचे ठेले लागले, तिथे तिथे विचारलं. ओंदिनाला विचारलं, रिओ व्हेर्मेल्योला विचारलं. अमारालिनाला एक जाडशी बाई पांढऱ्या झालरीच्या घागऱ्यात बसली होती, ती म्हणाली, “कुठली मारिनाल्वा? गालाला खळी पडते ती?”

“खळी नाही, तीळ. हनुवटीवर. आणि रागीट आहे.”

“रागीट? गिऱ्हाइकाला ‘रेंगाळू नका, पुढे सरका’ म्हणते ती?”

“तीच.”

“मग इतापुआं. दीपगृहाच्या अलीकडे. बाई, तुम्ही कोण तिच्या?”

मी म्हटलं, “जिच्याकडून तो राग घेतला ती.”

इतापुआंला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. रांग होती. मी रांगेत उभी राहिले, पिशवी पाठीवरच. ती मान खाली घालून चवळीचं पीठ लाकडी पळीने घोटत होती, मधेच लाल तेलात एक एक वडा सोडत होती. आता केस वाढलेत तिचे, पांढऱ्या फडक्याखालून दिसत होते. गळ्यात मणी. माझी पाळी आली, तर वर न बघता म्हणाली, “तिखट की बिनतिखट?”

मी म्हटलं, “तुझ्या बापाला झेपेल एवढं.”

पळी तेलात तशीच राहिली. एक वडा करपला. म्हणाली काय, तर “आई, बाजूला हो, मागे लोक आहेत.” आणि मग डोळे पुसायला हात वर केला तर हाताला मिरचीची चटणी. दोघींची रडारड मिरचीवर ढकलून झाली. शेजारी शहाळी विकणारा तोन्यो आहे, तो ओरडला, “मारी, गिऱ्हाइकांना रडवून विकायची नवी रीत काढलीस का?”

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

मंगळवारी, तिकडे तुम्ही पालखीला खांदा देत होतात त्याच दिवशी, मी तिच्या ठेल्यावर मदतीला बसले. तेल तापलं. तिने पहिले काही वडे तळले, चिमुकले, लिंबाएवढे. मला वाटलं चव बघायला. तर तिने ते उचलले आणि एकामागून एक रस्त्यावर भिरकावले! जेनेसियो, चवळी भिजवायची, एक एक साल काढायची, वाटायची, घोटायची, दंड दुखेपर्यंत, आणि त्याचे वडे रस्त्यावर? मला राहवलं नाही. मी धावत गेले, ते गोळा केले, परकराच्या काठाने पुसले. एक तोंडात टाकलासुद्धा. चांगला झाला होता.

मागे वळून बघते तर सगळे माझ्याकडे बघताहेत. तोन्योच्या हातातला कोयता वर तसाच.

“आई,” मारिनाल्वा म्हणाली, “ते लेकरांचे होते.”

“कुठली लेकरं? मला तर एकही दिसत नाही.”

“देवाघरची लेकरं ती! दिसत नाहीत म्हणूनच आधी त्यांना द्यायचं!”

“अगं पण अन्न ते अन्न—”

“तुझ्या चर्चमधल्या वेदीवरची भाकर कोणी ‘वाया जाईल’ म्हणून उचलून खिशात घातली तर?”

मी हातातले उरलेले वडे खाली ठेवले.  त्या दिवशी तिने चूल विझवली. सगळी सामग्री तशीच घरी परत नेली. एका दिवसाची कमाई माझ्या एका घासाने गेली, आणि तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तुमच्यासारखं बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

रस्त्यात ती म्हणाली, “घरच्या आईला विचारावं लागेल.” घरची आई म्हणजे, आफ्रिकेतून आलेल्या देवांचं तिचं जे देऊळ, तुम्ही ज्याला ‘ढोलवाल्यांचं घर’ म्हणता, तिथली मोठी, वाल्देलिसे. मी म्हटलं, चल, मीच येते, खाल्लं मी आहे. मला वाटलं होतं कोणी भयंकर बाई असेल. तर एक म्हातारी, पाय सुजलेले, पंख्याखाली बसून भेंड्या चिरत होती. तिने सगळं ऐकलं आणि खदाखदा हसली. “चांगले झाले होते का वडे?” असं विचारलं. मी म्हटलं, मीठ जरा कमी. मग ती गंभीर झाली. म्हणाली, “लेकरांच्या तोंडचा घास घेतलात, आता तुमच्या हातचा घास त्यांना द्या. तुम्ही घोटा, तुम्ही तळा, तुम्ही टाका. शिक्षा म्हणून नाही. घरात पाहुणी आली की ती रिकाम्या हाताने येत नाही ना?”

मी सांगितलं, “मी कॅथलिक आहे. दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेते.”

“मग मी कोण आहे?” ती म्हणाली. “बोनफिमच्या पायऱ्या काय आपोआप धुतल्या जातात? तुम्ही फुलांच्या पाण्याखाली डोकं घातलंत ना त्या गुरुवारी? तो घडा कोणाच्या डोक्यावरून आला?”

खरंच घातलं होतं डोकं. ‘आशीर्वाद आशीर्वाद’ म्हणत ढकलाढकली करून घातलं होतं.

बुधवारी मी पीठ घोटलं. मारिनाल्वा म्हणे पीठ हलकं होत नाही. मी म्हटलं, तुला जन्माला घालायच्या आधीपासून मी पिठं घोटते आहे, सरक तिकडे. असं घोटलं की पाण्यात टाकलेला थेंब तरंगला. वडे तळले, चिमुकले. मग उभी राहिले.  तुमची आठवण झाली, फादरांची झाली. क्रूसाची खूण केली. आणि टाकले. पहिला जरा जोरात गेला.

“आजी!” तोन्यो ओरडला. “लेकरं रस्त्यावर असतात, माझ्या बर्फाच्या पेटीत नाही!”

सगळा किनारा हसला. मारिनाल्वाही हसली, तोंडावर फडकं धरून. तिला हसताना बघून किती काळ लोटला होता, त्याची नोंद माझ्या कोणत्याच वहीत नाही.

हे सगळं काल फादरना सांगितलं. पहिल्या वेळी त्यांना ऐकू आलं नाही. दुसऱ्या वेळी ऐकू आलं. मग म्हणाले, “हे मी ऐकलं नाही असं समजा. पुढचं पाप?” पुढचं म्हणजे नवऱ्याला फोडांचं खोटं सांगितलं. “ते आधी सांगायचं होतं,” म्हणाले. आज सकाळी त्यांच्याच हातून मी ख्रिस्तप्रसाद घेतला. जीभ भाजली नाही.

आता तुमचं म्हणणं मी तुमच्याऐवजी लिहून टाकते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. तुम्ही म्हणाल, मी बंधुसंघाचा पुढारी, संताची पालखी माझ्या खांद्यावर. तुम्ही म्हणाल, त्या घरची दीक्षा घेऊन, डोकं भादरून, पांढऱ्यात गुंडाळून ती दारात उभी राहिली तेव्हा सगळी गल्ली बघत होती. म्हणाल, तिने देव बदलला. तिने देव बदलला नाही, जेनेसियो. तिने घरात माणसं वाढवली. आणि तुमची आजी दर शुक्रवारी पांढरंच का नेसायच्या, लाल तेल त्या दिवशी घरात का नसायचं, हे तुम्ही कधी विचारलं होतंत? लग्न करून आले त्या वर्षी मी विचारलं होतं. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी इतकी वर्षं ते बोट मानलं. आता त्या नाहीत, आणि मी मानत नाही.

देवाने तुम्हाला डोळा परत दिला. कशासाठी दिला असेल? पालखीच्या दांड्याला पॉलिश बरोबर लागलंय का ते बघायला? पोटच्या पोरीचं तोंड बघायला नाही? नवसात तुम्ही देवाशी सौदा केलात, ‘डोळा दे, माझं माणूस चालेल.’ माणूस चाललं. आता पुढचं मी ठरवते.

आठ फेब्रुवारीच्या मिस्सेला मी वेदीपुढे उभी राहीन ती मारिनाल्वा पहिल्या बाकावर बसली असेल तरच. तिच्या पांढऱ्या कपड्यांत, तिच्या मण्यांसकट. मणी ब्लाऊजच्या आत घालून नाही. तसं ती म्हणाली होती, “आई, मी ते आत घालीन, म्हणजे बाबांना—” मी तिला बोलू दिलं नाही. ती यायलाच तयार नव्हती. “पुन्हा दार लावतील,” म्हणाली. मी म्हटलं, “लावू दे. एकटीच्या तोंडावर दार लावणं सोपं असतं. दोघींच्या तोंडावर लावायला जोर लागतो, आणि तुझ्या बापाचे खांदे आता दुखतात.”

दोन तारखेला इथे समुद्रमातेचा सण आहे, त्या दिवशी तिचा धंदा असतो आणि मी तिच्या हाताखाली आहे. पीठ मीच घोटणार, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. फुलंही समुद्रात सोडणार आहे. तेही लिहून टाकते, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

पाच तारखेला, गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही दोघी उतरू. बसथांब्यावर न्यायला येऊ नका, पिशवी मी स्वतःच उचलते, सवय झाली आहे.

या पाकिटात एक जड वस्तू लागेल, ती माझी घराची किल्ली आहे. परत पाठवते आहे. इतकी वर्षं त्या फाटकातून मी कधी विचारून आत आले नाही. परके लोक येतात, फाटकाबाहेर उभे राहतात, टाळ्या वाजवतात आणि आतून कोणी येईपर्यंत वाट बघतात. गुरुवारी मी तशीच उभी राहीन. मारिनाल्वा माझ्या शेजारी असेल. फाटक उघडायचं तर दोघींना उघडायचं. एकीपुरतं किलकिलं केलंत तर मी आत येणार नाही. मग दुपारची बस परत साल्वादोरला जाते, त्या बसमध्ये आम्हाला जागा मिळेल, आणि फादरना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

मी ओरडणार नाही, रडणार नाही, शेजाऱ्यांना बोलावणार नाही. टाळी मात्र ऐकू येईल अशी वाजवीन.

तुमची आणि मारिनाल्वाची,
इदालिना